एका तारेला लहर नसते

१

दुपारी बारा ते तीन संगीतशाळेचे वर्ग बंद असत. मुलं घरी जात, शिक्षक मंडळी डबे खाऊन खुर्चीतच डुलक्या घेत, आणि मी हातातलं भांडं तसंच ठेवून जिना उतरून खालच्या खोलीत जाई. एक माणूस बावीस वर्षांत जे शिकला, ते मला या तीन तासांच्या दुपारी जोडून सहा महिन्यांत शिकायचं होतं.

तो माणूस म्हणजे माझे यजमान. शाळेतले चौदा पियानो सुरात ठेवायचं काम यांचं. त्या कामाबरोबर शाळेच्या मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या राहायला होत्या. मी लग्न होऊन आले ती त्याच खोल्यांत, आमची चिमणी झाली तीही तिथेच. खिडकीच्या चौकटीवर दर वाढदिवसाला तिची उंची खडूनं लिहिलेली आहे. आता ती सतरा वर्षांची आहे आणि खूण माझ्या डोक्याच्या वर गेली आहे.

गेल्या थंडीत यांना ताप आला. अकराव्या दिवशी उतरला, पण उतरताना दोन्ही कान घेऊन गेला. आम्ही बोलायचं ते वहीत लिहून दाखवायचो आणि हे तोंडानं उत्तर द्यायचे, कधी फार मोठ्यानं, कधी पुटपुटल्यासारखं. कानात राहिला होता फक्त एक आवाज. एकच स्वर, लांबलचक, थांबतच नाही, असं हे सांगायचे. डॉक्टर म्हणाले, बहिऱ्या माणसाला असं व्हायचंच, लक्ष देऊ नका.

प्राचार्यांनी सहा महिने दिले. तेवढ्यात मी सभागृहातला मोठा पियानो शाळेतल्या मुख्य शिक्षिकेच्या, थोरल्या बाईंच्या समोर बिनचूक लावून दाखवला, तर काम माझ्या नावावर होईल आणि खोल्या राहतील. नाहीतर नवीन माणूस येईल, आणि खोल्या अर्थातच त्याच्या. प्राचार्य चांगले गृहस्थ आहेत, पण चांगल्या माणसानं दिलेली मुदतही मुदतच असते. खोल्या गेल्या असत्या तर आम्हाला जागा होती ती वन्संच्या घरी, त्यांच्या शिवणयंत्रामागच्या कोपऱ्यात. वन्सं हे दर आठवड्याला न चुकता सांगून जायच्या. वर म्हणायच्या, "या वयात माणसं कान झाकून घेतात, आणि ही उघडायला निघाली."

त्यांचंही काही चूक नव्हतं. मी शाळा संपली तशी चूल बघितली. गाणं म्हणाल तर अंगाईपुरतं. खरा कान होता तो चिमणीचा. वरच्या खोलीत केस विंचरता विंचरता ती सांगायची, चार नंबरच्या वर्गात डावीकडची कुठली तरी तार उतरली आहे. आणि ती उतरलेली असायची. तिला शिकायची फार हौस होती. म्हणून मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं, की आपण पोरीलाच का शिकवत नाही?

हे मला लग्नानंतर दोनदाच ओरडले आहेत, त्यातलं हे एक.

"पोरीला त्या खोलीत न्यायचं नाही," हे म्हणाले. "तू यायचं असेल तर ये."

२

खालची खोली अर्धी जमिनीखाली आहे. एकच खिडकी, तीही वर छताजवळ, रस्त्याच्या उंचीवर. त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसतात. भिंतीला चार म्हातारे पियानो उभे, एकाचा पाय गेलेला म्हणून विटांवर टेकवलेला. त्यांच्यावरच मी शिकले.

पियानो आतून पाहिलेला नसेल त्यांना सांगते. बहुतेक पट्ट्यांना एकेक तार नसते, तीन तीन असतात. पट्टी दाबली की नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, हातोडी तिन्हींवर एकदम बसते. तिन्ही तंतोतंत सारख्या ताणलेल्या असल्या तरच त्यांचा एक आवाज होतो. लावताना दोन तारांना नमद्याची पाचर लावून मुकं करायचं. उरलेली एकटी तार नादकाट्याशी जुळवायची. विज्ञानाच्या तासाला टेबलावर आपटून कानाशी धरतात, तोच नादकाटा. मग एकेक पाचर काढून बाकीच्या दोघी तिच्याशी जुळवायच्या. ही सुरुवातीची पट्टी मधोमध असते. सगळा पियानो तिच्यापासून निघतो म्हणून हे तिला आईपट्टी म्हणायचे.

जुळवायचं ते लहरीवरून. दोन आवाज थोडेसे वेगळे असले की त्यांच्यामध्ये एक लहर उठते. आवाज मोठा होतो, लहान होतो, मोठा होतो, लहान होतो. दोघं लांब असतील तर लहर जलद. जवळ आले की ती संथ होते. एक झाले की झोपते. सगळी विद्या एवढीच आहे, आणि ती मला दोन महिने ऐकूच आली नाही.

हे पियानोच्या अंगावर तळहात ठेवून बसायचे आणि लाकडातून लहर पकडायचे. बहिऱ्या माणसाला कळायची, मला कळायची नाही. पालथ्या घड्यावर पाणी, हे म्हणायचे, पण हसून. तार जिला गुंडाळलेली असते त्या खुंटीवर लोखंडी चावी बसवून ती केसाएवढी फिरवायची असते, आणि मी फिरवायचे बोटाएवढी. एकोणीस तारा तोडल्या. एक तुटलेली तार भुवईच्या वर लागली, तिथे अजून वण आहे. मनगट इतकं सुजायचं की रात्रीच्या पोळ्या चिमणी लाटायची. मी अंथरुणात डोळे मिटले तरी तोंडानं मोठा-लहान, मोठा-लहान म्हणत राहायचे.

तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला एका दुपारी खिडकीतून कुणाची तरी लाल चप्पल गेली, आणि ती जाताना पाहत मी पट्टी दाबली. लक्ष नव्हतं म्हणूनच बहुधा, मला ऐकू आलं. आवाजाच्या आत काहीतरी श्वास घेत होतं. मोठं, लहान. मी चावी जराशी ओढली. श्वास संथ झाला. आणखी जराशी. तो लांबला, पातळ झाला आणि थांबला.

मी यांच्या गळ्यात पडून रडले. यांनी विचारलं, काय तोडलंस आता?

३

त्यानंतर साधारण आठवड्यानं झालं ते असं.

हे वर झोपले होते. मी विटांवरच्या पियानोची आईपट्टी घेतली. दोन्ही बाजूंना पाचर घातली, मधली तार मोकळी ठेवली आणि नादकाटा उचलण्याआधी, सहज, हात सैल करायला म्हणून पट्टी दाबली.

लहर होती.

मी पाचर पाहिली. नीट बसली होती. काढून परत घातली, या वेळी दाबून. डाव्या तारेला नखानं टिचकी मारली, ती लाकडासारखी टक् वाजली. उजवीही तशीच. दोघी मुक्या होत्या. पट्टी दाबली. मधली तार एकटी वाजली, आणि तिच्यात जलद, बारीक थरथर होती. सेकंदाला चार, पाच.

लहर व्हायला दोन आवाज लागतात. हे मी तोपर्यंत वहीत शंभर वेळा लिहून घेतलं होतं. एका तारेला लहर नसते.

वर कुठला वर्ग चालू असेल म्हणून जाऊन पाहिलं. दाराला कुलूप, वऱ्हांड्यात शिपाई तोंड उघडं टाकून झोपलेला. मी परत खाली आले. पट्टी दाबून, कान फळीला लावून बसले. तारेचा आवाज समोरून येत होता. दुसरा कुठून येत होता ते कळेना. डोकं डावीकडे वळवलं तरी तेवढाच, उजवीकडे वळवलं तरी तेवढाच.

संध्याकाळी मी यांना लिहून विचारलं. यांनी शांतपणे समजावलं की त्याला खोटी लहर म्हणतात. जुनी तार गंजते, पिळवटते, मग एकटीच दोघींसारखी वाजते. नव्या माणसाला हे हटकून छळतं. मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकाला लागले. मागून यांचा आवाज आला.

"कुठली पट्टी होती?"

मी वहीत लिहिलं.

यांनी तो शब्द वाचला. मग वही मिटून म्हणाले, तार बदलून बघ.

४

तार बदलणं मला तेव्हा येत नव्हतं. तेही शिकले. गुंडाळीतून नवी कोरी तार कापली, खुंटीला साडेतीन वेढे घातले, ताणली. नवी तार पहिले काही दिवस सारखी उतरत राहते, म्हणून चार दुपारी नुसती ताणत बसले. पाचव्या दुपारी पट्टी दाबली. लहर होती.

शेजारच्या पियानोवर गेले. तिथेही. तिसऱ्यावर, चौथ्यावर. फक्त आईपट्टीला, बाकी पट्ट्या स्वच्छ. मी मनाला म्हटलं, चारही म्हातारे एकाच दमट खोलीत आहेत, चौघांना एकच रोग लागला असेल. वरच्या चार नंबरच्या वर्गात गेले, तो पियानो दोन वर्षांचाच आहे. तिथेही.

मग मी स्वतःवर घेतलं. कान नवा आहे, ताणला गेला आहे, नसलेलंही ऐकू येत असेल. उपाशीपोटी काम करू नये असं आई म्हणायची, म्हणून दोन दिवस पोटभर जेवून खाली गेले. वन्सं म्हणाल्या, कामाला लागल्यापासून अंगानं भरलीस की गं.

तिसऱ्या दिवशी मी पियानोला हातच लावला नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिले, नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला.

नादकाट्याला तारा नसतात. गंज नाही, पीळ नाही. पोलादाचा एकच तुकडा, त्याचा एकच आवाज. तो माझ्या कानाशी मोठा होत होता, लहान होत होता.

मी काटा मुठीत दाबून बंद केला. आणि तो बंद झाल्यावर, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, दुसरा उरला. काट्याच्या जरासा खाली. माणसाचा नव्हता, तारेचाही नव्हता. खोलीत कुणीतरी तोंड मिटून स्वर धरून उभं असावं, आणि आपल्याला कळलंय हे कळल्यावर थांबावं, तसा.

खिडकीतून दोन पावलं गेली, मग परत आली, मग गेली. कुणीतरी पत्ता शोधत असावं.

त्या संध्याकाळी मी यांना आधी काही सांगितलं नाही. फक्त वहीत विचारलं, तुमच्या कानात जो स्वर आहे तो कुठला? हे उठले, मला जिना उतरवून खाली घेऊन गेले, विटांवरच्या पियानोसमोर बसले आणि तळहात फळीवर ठेवून आईपट्टी दाबली.

"हा," हे म्हणाले. "याच्या जरासा खाली."

५

तिथेच सोडून द्यायला हवं होतं हे मला आज कळतं. पण मुदतीचे साडेतीन महिने उडाले होते. आणि खरं सांगायचं तर, त्या आवाजामुळेच मला विद्या यायला लागली होती.

तो कधी चुकत नसे. नादकाटा थंडीत किंचित चढतो, उन्हात किंचित उतरतो. हा हलत नव्हता. त्याच्याशी ताडून पाहिलं की माझी तार केवढी हलली ते मला नेमकं कळायचं. काट्यापासून लावायला मला दुपार लागायची, त्याच्यापासून लावायला तास. चौथ्या महिन्यात मी एक पियानो पूर्ण लावला. पाचव्यात तीन. थोरल्या बाई वर्गातून बाहेर येऊन म्हणाल्या, हा कुणी लावला? शिपायानं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या तोंडून ती शाबासकीच. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरीसारखी मी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले.

भीती वाटायची नाही का? वाटायची. पण तीन माणसांचं छप्पर डोक्यावर धरून उभं राहिलेल्या बाईला भीतीसाठी वेगळा हात उरत नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतःशीच ठेवली होती. लहर संथ होत चालली होती. पहिल्या दुपारी सेकंदाला चार-पाच होती, मग दोन झाली, मग एक. पाचव्या महिन्याच्या शेवटी मी एक श्वास घेऊन सोडेपर्यंत ती एकदा उठायची. शेवटी तारा मी काट्याशीच ताडून बघत होते, त्या हलल्या नव्हत्या. मग जवळ कोण येत होतं?

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा यांनी माझा लावलेला पियानो तळहातानं तपासला. खालपासून वरपर्यंत, पट्टी न पट्टी. 

"छान लावलास," हे म्हणाले. "पण आईपट्टीत थोडी लहर ठेवत जा. अगदी नकळत. पूर्ण झोपवू नकोस."

मी लिहिलं, थोरल्या बाईंना नकळतसुद्धा कळतं. लहर ठेवली तर नापास होईन.

"मग नापास हो."

मी इतकी चिडले की पेन्सिलीचं टोक मोडलं. सहा महिने माझ्या हाताची सालं निघाली, ती काय कोपऱ्यात शिवणयंत्रामागे झोपायला? कारण विचारलं तर तेही सांगत नाहीत. मी त्या वहीत लिहिलं की तुमचं गेलं म्हणून माझं येऊ नये असं वाटतं का तुम्हाला. लिहिलं आणि यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

यांनी वाचलं. मग मोडलेलं टोक जमिनीवरून उचलून माझ्या हातात दिलं.

"शेवटचा मोठा पियानो मी लावला ना, ताप यायच्या आदल्या दिवशी," हे हळूच म्हणाले, "तो इतका स्वच्छ लागला होता, की मला वाटलं, आता माझं शिकणं संपलं."

 मी पुढे काही विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

६

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठला मी सभागृहात गेले. दोनशे खुर्च्या, त्यांवर चादरी, आणि मंचावर तो मोठा काळा पियानो. शेवटच्या रांगेतली एक चादर बाजूला केलेली होती आणि तिथे एक माणूस बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीतून चावीची मूठ डोकावत होती. तो नवा माणूस. त्याची बायको आणि दोन मुलंही आली होती. खोल्या बघून घ्यायला, शिपाई म्हणाला. बायको माझ्याकडे पाहून हसली. तिलाही घर हवंच होतं, तिच्यावर कशाला रागावू?

दुपारी एकपर्यंत मी पियानो लावला. आईपट्टी काट्याशी जुळवली तेव्हा तार आणि काटा एक झाले, आणि उरली ती दुसरी लहर, आता दोन श्वासांना एक. मी यांचं बोलणं आठवलं आणि तिला हात लावला नाही. ती कुणाला ऐकू येणार होती?

थोरल्या बाई दोनला आल्या. एकेक पट्टी, मग जोड्या, मग लांब, पसरलेले स्वर. प्राचार्य हात मागे बांधून उभे होते. बाईंचा चेहरा दगडासारखा, पण मान प्रत्येक वेळी हलत होती, बरोबर, बरोबर, बरोबर. मग त्या आईपट्टीवर थांबल्या. दाबली. डोळे मिटले. परत दाबली.

"इथे लहर आहे," त्या म्हणाल्या. "बारीक आहे, पण आहे. काढा."

 म्हणजे ती त्यांनाही ऐकू येत होती. मागे पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला.

मी चावी उचलली. हात इतके ओले होते की पदराला पुसावे लागले. चावी खुंटीवर बसवली, पट्टी दाबली, आणि केसाएवढी फिरवली. मनात यांना म्हटलं, मला माफ करा. दोन श्वासांची लहर तीन श्वासांची झाली. आणखी केसाएवढी. आता ती इतकी लांब झाली की तिचा चढ कुठे संपतो ते कळेना. मला वाटलं कुणीतरी इतके दिवस माझ्या मागून चालत होतं, त्याचं पाऊल माझ्या पावलाशी जुळत आलं आहे. आणखी जरा.

ती झोपली.

आवाज आलाच नाही असं वाटावं इतका तो स्वच्छ होता. माझ्या गळ्यात, उचकी अचानक थांबते तेव्हा लागतो तसा, एक छोटासा धक्का लागला. बस, तेवढंच.

"आता बरोबर," थोरल्या बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

चावी काढायला मी खाली पाहिलं. ती चुकीच्या खुंटीवर होती.

हा प्रकार आमच्या कामात प्रत्येकाच्या हातून होतो. दोन-अडीचशे खुंट्यांच्या दाटीत चावी शेजारच्या पट्टीच्या खुंटीवर बसते, आपण फिरवतो, आणि मन इतकं आतुर असतं की आवाज बदलतोय असं खरंच ऐकू येतं. हे सांगताना हसायचे, म्हणायचे, मी एकदा अर्धा तास दुसऱ्याच पट्टीची तार लावत बसलो होतो. पण ते ऐकू येतं फक्त चावी फिरवणाऱ्याला. बाजूला उभ्या असलेल्या बाईंना नाही.

मी शेजारची तार होती तिथे परत आणली. आईपट्टी दाबली. स्वच्छ. तिची एकही तार मी हलवली नव्हती. ती होती तिथेच होती. आणि त्या दुसऱ्याला हलताना मी कधी ऐकलेलं नव्हतं.

प्राचार्यांनी अभिनंदन केलं, खोल्या आता तुमच्याच म्हणाले, घरी सांगायला पळा. मी म्हटलं, तुमचे उपकार आहेत. ते पुढे वाकले. काय म्हणालात? मी परत म्हटलं. ते गोंधळून हसले आणि म्हणाले, दिवसभराच्या ताणानं घसा बसलाय तुमचा, पाणी प्या आधी.

दारात नव्या माणसाची बायको उभी होती. मी तिला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, माशाकडे बघावं तशी.

७

हे खिडकीशी पाठमोरे बसले होते. मी दार लोटलं, चप्पल काढली, अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

"झालं ना?" हे म्हणाले. "मला माहीत होतं तू करशील."

पावलांची थरथर कळली असेल. मी कोनाड्यात वही शोधू लागले.

"वही कशाला? ऐकू येतंय मला." यांनी वळून पाहिलं. डोळे भरले होते. "तुझा आवाज येतोय. बाकी काही नाही, पण तुझा येतोय. किती स्वच्छ."

मी धावत जाऊन यांचे गुडघे धरले. काय काय बोलले. त्या दिवशी वहीत तसं लिहायला नको होतं, मला सहा महिने किती भीती वाटत होती, आता खोल्या आपल्या आहेत. हे माझ्या केसांवरून हात फिरवत हसत होते.

"नको गं, चहा नको आत्ता," हे म्हणाले. "बैस जरा."

मी चहाचं काही बोलले नव्हते.

मी गप्प झाले. ओठ दातांखाली धरले. हे मान हलवत राहिले, मध्येच थांबले, ऐकल्यासारखं केलं, मग उत्तर दिलं. हो, तुझ्या वन्संना उद्या कळवू. हो, खिडकीला रंग द्यायला झालाय. दोन उत्तरांच्या मधली जागा, मला एखादं वाक्य बोलायला जितका वेळ लागतो, बरोबर तितकीच होती. आणि यांची नजर माझ्यावर नव्हती. जराशी बाजूला होती, माझ्या खांद्याच्या डावीकडे.

मी ओरडले. माझ्या छातीत हवा भरली, गळ्याच्या शिरा ताणल्या, मला सगळं जाणवलं. ऐकू काही आलं नाही. माझं मलाही नाही.

जिन्यावर चिमणीची पावलं वाजली. ती दारात आली, माझा चेहरा पाहून थबकली. "आई, काय झालं? पास ना?" मी तिचा हात धरून बोलू लागले. ती हसली. "अगं, नुसते ओठ काय हलवतेस? आवाज कुठे गेला?"

"हो, तुझं खरं आहे," हे खिडकीशी म्हणाले. "कान पोरीचाच चांगला. मीच उगाच अडवून धरलं." मग थांबले. ऐकलं. "चालेल. तू म्हणतेस तर आजपासूनच."

चिमणीनं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"बाबा, तुम्हाला आईचं ऐकू येतं?"

यांना तिचं काही ऐकू आलं नाही. पण तिला पाहून हे प्रेमानं म्हणाले, "चिमणे, जा, खाली जाऊन बस. आईपट्टीपासून सुरू कर. आई म्हणतेय ती मागून येतेच."

मी नाही म्हणून मान हलवली, दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं. तिनं मला मिठी मारली. वेडाबाई, रडतेस काय, बाबांना ऐकू येतंय, घर राहिलं, आणि मला शिकवताय, आज सगळंच मिळालं, असं काहीतरी ती माझ्या कानाशी बोलत होती. तरण्या अंगाची पोर, माझं सुजलेलं मनगट. हात सुटला. जिन्यावर तिची पावलं खाली, खाली गेली.

हे खिडकीशी कुणाच्या तरी बोलण्यावर हसले. मी दाराबाहेर पळाले.

खालून पट्टी वाजली. मी जिन्याच्या तोंडाशी होते. तिथपर्यंतही मला लहर स्पष्ट आली. ती जलद होती, मोजताच येऊ नये इतकी जलद. मी देवाचे आभार मानले. जलद म्हणजे अजून लांब. माझ्यासारखीला तिथून इथे यायला चार महिने लागले होते.

मी चौथ्या पायरीवर होते तेव्हा तिनं परत वाजवली. या वेळी मला मोजता आली.